मूळ कागदाला लॅमिनेशन नाही

आबा, काल मी एका माणसाला त्याच्या पोरीसमोर नको तेवढं बोलले, आणि तेव्हापासून तुमच्यावरचा जुना राग परत वर आलाय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणूस विसरतं, माफ करतं म्हणतात. मी दोन्ही केलेलं नाही. मी आता वॉर्डची इन्चार्ज आहे. नवीन पोरी कामावर घ्यायच्या आधी त्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात. काल गडहिंग्लजकडची एक पोरगी आली होती, नर्सिंग माझ्यासारखंच कर्नाटकात केलेलं, बरोबर बाप. तिनं पिशवीतनं सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं तर टक्क आवाज आला. कडक लॅमिनेशन. मी मान वर करून त्या बापाकडं बघितलं आणि मला तुम्हीच दिसलात, तीच टोपी, तसेच हात मागं बांधलेले. मग माझं तोंड जे सुटलं ते थांबेना.

तुम्हाला कागद जपायचं वेड होतं. शिवाजी पेठेतलं आपलं दुकान ते केवढं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. फोटोफ्रेम, झेरॉक्स आणि लॅमिनेशन. भिंतीवर देव कमी आणि फुटबॉलच्या टीमचे फोटो जास्त. लोक सातबारा घेऊन यायचे, रेशनकार्ड, पोरांची मार्कलिस्टं, आणि तुम्ही प्रत्येकाला तेच सांगायचात, "प्लॅस्टिकमधी घाला पावणं, कागदाचं काय खरं हाय, आज हाय उद्या न्हाय." बावड्यातल्या आपल्या घरात तर तुम्ही स्वतःची लग्नपत्रिकासुद्धा सोडली नाहीत. आई म्हणायची, एक दिवस मलाबी त्या मशिनीत घालतील बघ. तुम्ही हसायचात. तेव्हा मलाही हसू यायचं.

बारावीला मला मार्क कमी पडले नव्हते, इथल्या नर्सिंगच्या सीटा कमी पडल्या. कर्नाटकात पाठवायचं तुम्हीच ठरवलंत. "निपाणीच्या पुढं काय परदेस हाय व्हय? कागल सोडलं की आलंच की," असं म्हणालात आणि ट्रंक स्वतः एसटीच्या टपावर चढवलीत. चार वर्षं मी तिकडं काढली. कुठं दुखतंय ते कानडीत विचारायला शिकले, शिव्याही कळायला लागल्या. शिरेत सुई घालायला माझा हात हलका होता. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नसली की आमच्या मॅडम मुद्दाम मला हाक मारायच्या. पास झाले, तिकडच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट हातात आलं. म्हणजे नर्स झाले, पण त्या राज्याची. आपल्याकडं काम करायचं तर नाव इकडच्या कौन्सिलला बदलून घ्यावं लागतं, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "घिऊ की बदलून, एका अर्जाचं काम," असं तुम्ही म्हणालात.

आणि त्याच आठवड्यात ते सर्टिफिकेट तुम्ही मशीनमध्ये घातलंत. वर सोनेरी पट्टीची फ्रेम केलीत आणि काउंटरच्या मागं, दोन टीमच्या फोटोंच्या मधोमध लावलंत. लाइटबिलाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसालाही मान वळवून ते बघावं लागायचं. महिनाभर बघितलं सगळ्यांनी. मग नाव बदलून घ्यायला आपण दोघं बेंगळुरूला गेलो. कौन्सिलच्या काउंटरवरच्या बाईंनी सर्टिफिकेट उलटं केलं, नखानं वाजवून बघितलं आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं. नाव बदलून चालल्याचा शिक्का मूळ कागदाच्या मागं मारतात, प्लॅस्टिकवर शाई कशी बसणार, असं त्या कानडीत म्हणाल्या. मी तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "घातलं मी, काढतोबी मीच. एवढं तोंड पाडू नको."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तुम्ही इस्त्री घेऊन बसलात. खाली जुनं धोतर, वर ओलं फडकं. ब्लेडनं कोपरा उचललात, किती हळू, मला अजून दिसतंय. प्लॅस्टिक निघालं की. त्याच्याबरोबर रजिस्ट्रारची सही निघाली, शिक्का निघाला आणि माझं आडनाव निघालं. तुम्ही ते प्लॅस्टिक उजेडात धरून बघत बसलात, सही त्याच्यावर उलटी चिकटली होती. मी चप्पल घातली आणि चालत बावड्याला आले.

मग दुसरी प्रत मिळवायची. प्रतिज्ञापत्र, पेपरात नोटीस, तिकडं अर्ज, तिथून पडताळणीचं पत्र इकडं, ते इकडं पोचलं नाही म्हणून परत तिकडं. अडीच वर्षं गेली, आबा. तोपर्यंत मी एका दवाखान्यात लागले, मदतनीस म्हणून. आकाशी ड्रेस. चादरी बदलायच्या, पेशंटला पुसून घ्यायचं, बेडपॅन. माझ्यापेक्षा लहान पोरी पांढऱ्या कपड्यात सलाईन लावायच्या आणि मी ट्रे धरून उभी. त्यात तुम्ही दुकानात पुठ्ठ्यावर लिहून लावलंत, मूळ कागदाला लॅमिनेशन करून मिळणार नाही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचात, भांडायचात सुद्धा. सगळ्या पेठेला तुम्ही पाटी लावून सांगितलंत आणि मला घरात एक शब्द नाही. त्या पाटीचा मला इतका संताप यायचा की मी दुकानात यायचंच सोडलं.

किडनीचं निघालं तेव्हा तुम्हाला माझ्याच दवाखान्यात ठेवलं, जनरल वॉर्डात. शेजारच्या कॉटवर पन्हाळ्याकडचे एक काका होते. त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "काय लागलं तर सांगा पावणं, माझी पोरगी हितं शिस्टर हाय." दुपारी जेवणाच्या वेळी त्यांनी मला हाक मारली, ओ शिस्टर, ही बाटली संपली बघा. मी सवयीनं हात पुढं केला. तेवढ्यात ड्युटीवरची पोरगी मागून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तू हात लावू नको हं. माझ्यावर येईल." तिचं बरोबर होतं. पण माझं डोकं फिरलं. मी काकांकडं नाही, तुमच्याकडं बघून बोलले. मी सिस्टर नाही. ह्या माणसानं माझ्या सर्टिफिकेटचं वाटोळं केलंय. प्लॅस्टिकमध्ये घालायच्या आधी मला एका शब्दानं विचारायचं तरी होतं. आई स्टुलावर बसून तुमच्यासाठी भाकरी कुस्करत होती, तिचा हात थांबला. अख्खा वॉर्ड ऐकत होता. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडं बघितलंत. मग काकांकडं वळून म्हणालात, "बराबर बोलतीय ती. विचारायला पायजे हुतं. चुकलं माझं."

त्यानंतर तुम्ही नऊ दिवस होता. शेवटी शेवटी तुमची शीर मिळत नव्हती. त्याच पोरीनं तीनदा टोचलं, हात काळानिळा झाला. मी पलीकडं ट्रे धरून उभी होते आणि मला मनगटाजवळची ती शीर दिसत होती. मी बोट ठेवून दाखवलीसुद्धा. तिनं ऐकलं नाही. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही, म्हणजे शीर मिळाली नाही ते नव्हे, माझ्या हातात ट्रे होता ते. तुम्ही मात्र कण्हत कण्हत तिलाच धीर देत होता, "असूंदे पोरी, सावकाश."

तुम्ही गेल्यावर आठ महिन्यांनी पोस्टानं माझं रजिस्ट्रेशन आलं. आईनं ते तुमच्या फोटोपुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्या फोटोची फ्रेम दुसऱ्या दुकानातली आहे, कोपरे नीट जुळलेले नाहीत. तुम्ही असतात तर ती फ्रेम दारातनंच परत पाठवली असतीत.

आता कालचं राहिलेलं सांगते. त्या गडहिंग्लजच्या माणसाला मी जे जे बोलले त्याच्या शेवटी तेच वाक्य माझ्या तोंडातनं आलं, पोरीला एका शब्दानं विचारायचं तरी होतं. तो गरीब माणूस गोंधळला आणि म्हणाला, "विचारलंतं की मॅडम. तीच म्हणाली घाला." पोरगी खाली फरशीकडं बघत होती. मी त्यांना चहा मागवला, कुठं अर्ज करायचा ते लिहून दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तो बाप बोलला, आबा. तुम्ही बोलला नाहीत. वॉर्डात नाही, आईजवळ नाही, त्या नऊ दिवसांत एकदाही नाही. कारण तुम्हीही विचारलं होतंत. दुकानात दुपारी कुणी नव्हतं, मशीन तापलं होतं. हात धोतराला पुसून तुम्ही सर्टिफिकेट कडांनी धरलंत आणि मला म्हणालात, "घालू का गं?" सर्टिफिकेटाच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती, लॅमिनेशन करू नये. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि ते हातात आलं त्याच दिवशी ती ओळ मी वाचली होती. पण तुमचं तोंड इतकं खुललं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माझं नाव त्या टीमच्या फोटोंच्या मधोमध चकाकताना बघायचं होतं. एका ओळीनं काय होतंय, असं वाटलं. मी म्हणाले, "घाला की."

आई अजून तुमच्या फोटोवरची धूळ पुसताना म्हणते, माणूस सोन्यासारखा, पण पोरीचं नुकसान करून गेला. चौदा वर्षं म्हणतेय. तिला वाचता येतं, म्हणून हे पत्र घरात ठेवायचं नाही, ड्युटीला जाताना वाटेत फाडून टाकीन. आज सकाळीही तिनं फोटो पुसला आणि तेच म्हणाली, आणि मी चहा पीत पीत "व्हय" म्हणाले.