पाहुण्यांचा चहा

गुंजवणे, ३ नोव्हेंबर

चि. सौ. फुलास रखमाजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. एस्टीच्या कंडक्टरकडे देतोय, उद्या भोरला पोचेल. इकडे भात कापून झालं. माझ्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय ते सोडलंच, पुण्याची मशीन रक्त धुऊन देते. पण आठवड्यातून दोनदा जाऊन सुया टोचून घ्यायचा आता कंटाळा आला. महिनाअखेर बंद करतो, असं गोरखला सांगितलं. पोरगा उठून आपला टेम्पो पुसायला गेला, पण सूनबाईनं, अश्विनीनं, दवाखान्यात चुगली केली. त्यांनी मला मोबाईलवरच्या एका वर्गात घातलं. आमच्यासारख्या दुखणाईतांची मनं शांत करायचा वर्ग आहे. प्रेरणाताई म्हणून शिकवतात.

डोळे मिटून आपल्याच श्वासावर लक्ष ठेवायचं. इतकी वर्षं तो बिनतक्रार चालला, आता त्याच्यावर मुकादम नेमलाय. मनात विचार आला तर भांडायचं नाही, हाकलायचं नाही. पाहुणा समजायचं, येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. मी म्हणालो, आमच्यात पाहुणा चहाशिवाय जात नाही. ताई हसून म्हणाल्या, मग पाजा की. त्यामुळे विचार आला की अश्विनी आधण ठेवते. पाहुण्याला तोंड नसल्यानं त्याच्या वाटचा मीच घेतो. मनाला खरंच बरं वाटतं.

दाजींना रामराम. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा

भोर, ५ नोव्हेंबर

ती. दादांस फुलाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दादा, तुम्हाला दिवसाला तांब्याभर पाणी सांगितलंय आणि चहा त्यातच धरायचा असतो. त्या ताईंना तुमचा स्वभाव ठाऊक नाही. लहानपणी आई चिडून विहिरीत जा म्हणाली, तर तुम्ही कळशी घेऊन निघाला होतात. चहा आजच्या आज बंद करा आणि हे पाहुणे कोण येतात ते मला कळवा.

मशीन बंद करायचं ठरवताना मला विचारलं नाहीत. मला राग आलाय आणि रडूही आलं. आई-आबा गेले, वहिनी गेल्या. मला फुले म्हणणारं आता एकच माणूस उरलंय.

धाकटीवर लोभ असेल तर एवढं ऐका.

फुला

गुंजवणे, १४ नोव्हेंबर

चि. सौ. फुलास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र मिळेपर्यंत पाय सुजले होते, पायरी चढताना धाप लागत होती. मशीनवर गेलो तर वजन इतकं वाढलेलं, की नर्सबाईंनी विचारलं, घरी पाहुणे आलेत काय. अश्विनीनं होय म्हणून सांगितलं. मग सगळंच बाहेर आलं. प्रेरणाताईंनी वर्गात सर्वांसमोर माझी माफी मागितली आणि पाहुण्यांना नुसता रामराम घालायचा, असा नियम केला.

कोण येतं विचारलंस. तुझी वहिनी येते. धरणात गेलेलं भाताचं खाचर येतं. एक जण मात्र आत येत नाही, दारातच उभा राहतो. ताई म्हणाल्या, त्याला नाव देऊन बघा. दिलं, तर ती भीती निघाली. इतके दिवस मी तिलाच कंटाळा म्हणत होतो. सुईची भीती, मशीनवर पडल्या पडल्या जायची भीती. गोरखला हे सांगता येत नाही. त्याच्या लेखी मी अजून उधळलेला बैल आवरणारा माणूस आहे. सोमवारी मशीनची पाळी आहे. महिनाअखेर कशाला, आत्ताच सोडावं असं वाटतंय.

हे वाचून हसू नकोस. माया पातळ करू नकोस.

दादा

भोर, १५ नोव्हेंबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

हसले नाही. भीतीवरचं मला काही कळत नाही, तेव्हा उपदेश करत नाही. सोमवारी सकाळी मी तुमच्या पुण्याच्या वाटेवर, नसरापूर फाट्यावर जाऊन बसणार आहे. गोरखचा टेम्पो आला आणि त्यात तुम्ही असलात, तर मी चढेन. नसलात, तर मी तिथंच बसून राहीन आणि मला उठवायला तुम्हालाच यावं लागेल. माझे गुडघे धरलेत, हे ध्यानात असू द्या. गोरखला मी काही सांगितलेलं नाही.

बाकी लोभाचं समोरासमोर.

फुला

गुंजवणे, १८ नोव्हेंबर

चि. सौ. फुलास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू नीट पोचलीस हे दाजींनी फोनवर कळवलं. नर्सबाई म्हणत होत्या, नातेवाइकांना आत बसता येत नाही असं तुला चारदा सांगितलं, पण तू हसून स्टूल ओढलंस. सुई टोचताना मी घाबरलो होतो. तुझा हात फार जोरात दाबला, त्याबद्दल वाईट वाटतं.

फाटा सोडल्यावर टेम्पोत मी तुझ्या कानाशी काही बोललो. तू मान डोलावून म्हणालीस, व्हय दादा, लावा की काच, वारं लई येतंय. मी काच लावली. गोरखनं मात्र ऐकलं. त्यानं टेम्पो कडेला घेतला आणि म्हणाला, डोळ्यात कायतरी गेलंय. तुला वाटलं, डिझेल संपलं. तुझं ऐकायचं राहिलं, म्हणून लिहितो.

फुले, मला अजून जगायचंय.

तुझा दादा