परसातला खांब

मी, जमुनाबाई पिसे, वय ब्याऐंशी, निवृत्त व्यायाम शिक्षिका, राहणार मंडी मोहल्ला, म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकील म्हणाले.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते धाकटा भाऊ नागेंद्र याला द्यावे. परस मात्र त्याला नाही. तिथे त्याला गाड्या उभ्या करायला जागा भाड्याने द्यायची आहे. मी जिवंत असताना खांब उपटायला माणूस घेऊन आला होता; ते मी विसरलेले नाही.

२. परस, त्यातील खो-खोचा खांब आणि माझी शिट्टी नागेंद्रची पत्नी भागीरथीबाई हिच्या एकटीच्या नावे करावी. कारण सांगते. शाळेत मुलींचा पहिला संघ मी उभा केला, तेव्हा पोरींकडे खेळायला धड कपडेही नव्हते. आमचे घराणे रंगाऱ्यांचे. वडिलांच्या कढईत आम्ही जुने पायजमे निळे केले. त्या दिवशी संघातल्या भागीरथीचे कोपरापर्यंत निळे झालेले हात आईने पाहिले. "अय्यो, ही पोरगी आमच्याच घरची की!" म्हणाली, आणि अंतिम सामन्याआधीच तिला सून करून आणली. माझी सर्वांत चपळ खेळाडू गेली. सामना हरलो. आईवरचा राग आता सोडते. नागेंद्रवरचा अर्धाच सोडते, कारण लग्नानंतर त्याने तिला मैदानावर पाऊल ठेवू दिले नाही.

३. भागीरथी त्याच खांबाला कपड्यांची दोरी बांधते. मोहल्ल्यातल्या पोरी खेळायला यायच्या आत रोज न चुकता सोडते. मला अजून टीचरच म्हणते. "टीचर, दोरी काढले. पोरींना बन्नी, या म्हणा," एवढे सांगून स्वयंपाकघराच्या दारात बसते, आणि बसल्या जागी तिचे पाय पळत असतात. माझा तिच्यावर फार जीव आहे. तोंडाने कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते.

४. माझ्यामागे पोरींना तिनेच शिकवावे. कोणी तिचे वय काढले, तर शिट्टी वाजवावी.

भागीरथी, पाठीमागून खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचे नाही, हे मीच तुला शिकवले. तू बसून राहिलीस.

घे, खो. ऊठ आता.

सही: जमुनाबाई पिसे
साक्षीदार: तिरुमलराव, वकील
शकुंतलाबाई, त्या संघाची कर्णधार
म्हैसूर, १४ नोव्हेंबर २०२५