मिनिटाला साठ थेंब

प्रिय मासोळी,

तुझा मेसेज मिळाला. मोठी जागा मिळाली, रविवारी प्रवाळांची टाकी न्यायला येतेस, आणि खाली हळूच विचारलंयस की एखादं तरी प्रवाळ जगलंय का. एखादं? अगं, सगळी जगली आहेत! ती जांभळी फांदी तू गेलीस तेव्हा बोटाएवढी होती, आता माझ्या वितीत मावत नाही. जाताना म्हणाली होतीस, तुम्हाला हे झेपणार नाही, दुकानात देऊन टाका. आमच्या चिरंजिवांचंही तेच टुमणं. घटस्फोटानंतर तुमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि तेही चुकीचं.

पहिला महिना तुझ्या वहीत बघून दोन बाटल्यांतलं औषध रोज मापाने घालत होते. मग एकदा विसरले, दोनदा विसरले, आणि प्रवाळांचा रंग उतरायला लागला. तेव्हा तू हौसेने आणून खोक्यातच ठेवलेला कॅल्शियम रिॲक्टर बाहेर काढला. मत्स्यालयवाल्याने घरी येऊन तो जोडून दिला. नळकांड्यात प्रवाळाचा चुरा भरायचा, सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. पाणी आंबट झालं की चुरा विरघळतो, प्रवाळांना वाढायला लागणारे क्षार त्यात उतरतात आणि ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडतं. थेंब मोजणं जमेल का मावशी, असं त्याने फार गंभीरपणे विचारलं. चौतीस वर्षं वॉर्डात सलाइन लावलेल्या बाईला! मला हसू आवरेना.

पण खरं सांगते, त्याच तोऱ्यात मी तोंडावर आपटले. वॉर्डातली सवय, आकडा घसरला की हात लगेच नळीकडे. पाण्याची क्षारता तपासली, कमी वाटली, थेंब वाढवले. तासाभराने बघते तर आकडा ढिम्म, म्हणून बुडबुडेही वाढवले. दुसऱ्या दिवशी आठचे बारा झाले होते आणि तुझ्या जांभळ्या फांदीची टोकं भाजल्यासारखी पांढरी. मी लगेच दुकानात फोन लावला. मत्स्यालयवाल्याने मला चांगलं फैलावर घेतलं. एका वेळी एकच चावी फिरवायची आणि मग तीन दिवस हात मागे बांधून बसायचं. मी जन्मात कधी हात बांधून बसले नव्हते, पण बसले. रोज सकाळी नऊला तपासणी, वहीत नोंद, बाकी नुसतं बघत राहणं. तीन आठवड्यांनी गणित बसलं: मिनिटाला साठ थेंब, वीस बुडबुडे, आकडा साडेआठ. फांद्या वाढल्या की चार थेंब वाढवते. गेले चार महिने आकड्याची हूं की चूं नाही.

त्या नुसत्या बघत बसण्यात तू फार आठवायचीस. ऑफिसमधून आलीस की पर्स खांद्यावरच, आणि साहेबाच्या तक्रारी माशांना सांगायचीस, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मी कांदा चिरता चिरता माशांच्या वतीने उत्तरं द्यायचे. नवऱ्याबद्दल जे सांगायचं होतं ते मात्र तू माशांनाही सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. निघालीस त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. दूध उतू जात नव्हतं की काही नाही, माझा धीर झाला नाही एवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मेसेजच्या शेवटी तू मला काकू म्हटलंस. अकरा वर्षं मी आई होते. तू विचार करूनच लिहिलं असणार, आणि कागदोपत्री ते बरोबरही असेल, पण मला लागलं. घटस्फोट तुमचा झाला. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी कुठे सही केलेली नाही. चिरंजिवांनाही हे सांगून झालंय. तर ऐक. जागा बदलली की रिॲक्टरचं गणित नव्याने बसवावं लागतं, महिनाभर तरी. तू हुशार आहेस, एका दुपारी शिकशील, म्हणून मी तुला शिकवणारच नाही. रोज सकाळी नऊला मी येईन. तुला ऑफिसची घाई असली तर एक किल्ली माझ्याकडे दे. आणि रविवारी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी माझी जागा धर.

तुझीच,
आई