इंजिनावरची हळद

१४ मार्च १९३८, सोमवार
इंजिन परभणी स्टेशनवर उतरलं. बातमी पक्की आहे. स्टेशनमास्तरांनी स्वतः माझ्या गड्याला पेटी दाखवली. उद्या बैलगाड्या जुंपून आणायचं. पेडगावात पिठाची गिरणी! तहसिलात फसली साल चालतं, पण या रोजनिशीत आजपासून इंग्रजी तारखा. सुधारणा स्वतःपासून सुरू करावी.
आता पहाटे जात्याची घरघर नाही, बायकांचं गाणं नाही. उन्हं वर येईपर्यंत झोपता येईल. शिवाय स्त्रियांचा उद्धार.

१८ मार्च
इंजिनाला भक्कम पाया हवा. घरातली दोन्ही जाती फोडून पायात टाकली. नर्मदा म्हणाली, अवो, एक तरी ठेवा, दैवशालाच्या लग्नाची हळद कशावर दळायची? इंजिनावर, मी म्हणालो. ती म्हणाली, जात्याला आंब्याचा पाला बांधून सवाष्णी दळत असतात. पाला इंजिनाला बांधू, म्हणालो. ती आत निघून गेली. पटलेलं दिसतं. नवऱ्याने नीट समजावलं की बायकांना पटतं.

२७ मार्च, रविवार
चावडीवर जाहीर वाद. विषय: यंत्र आल्यावर जातं ठेवावं का? मी भरपूर बोललो. विरोधात माझीच बायनाआत्या. म्हणाली, व्यंकट्या, जलमात कधी खुंटा धरलास का? मग जात्यानं तुझं काय घोडं मारलं? लोक हसले. शेजारची तानुबाई म्हणाली, इंजन रुसलं की आमी काय कच्ची ज्वारी फाकायची का? पुन्हा हसले. लेक्चर मनाला भिडल्याशिवाय पब्लिक इतकं हसत नाही.
शेवटी हात वर करायला सांगितले. तिघांनी केले, त्यातले दोन माझे गडी. बाकीचे लाजले. ठराव पास.

६ एप्रिल
इंजिन सुरू झालं. थोड्या वेळाने बंद झालं. ड्रायव्हर मुंजाजी म्हणतो, मालक, कशामुळं ते कळंना झालंय. नवीन आहे, रुळेल.

१९ एप्रिल
अजून रुळतंय. नर्मदा तानुबाईकडे दळायला जाते. मी मागच्या दाराने जा असं सांगितलं होतं. ती पुढच्या दाराने, डोक्यावर टोपलं घेऊन, चावडीवरून गेली. हट्टी स्वभाव. मी भाकरी सोडून भात खाण्याचा निश्चय केला आहे. भात पचायला हलका.

४ मे
इंजिन चाललं! पण पीठ दळायला कुणी येईना. म्हणून लेकीच्या लग्नानिमित्त जाहीर केलं: वर्षाची मिरची फुकट दळून मिळेल. दिवसभर रीघ. तिखटाने सगळं गाव शिंकत होतं. फुकट म्हटलं की प्रोग्रेस लगेच कळतो.

५ मे
हळद दळली. दोन्ही घरची माझ्याकडून. बोरीचे व्याही आबासाहेब यांना तसं ठासून कळवलं आहे. मुंजाजी दगडांना फडकं मारत बसला होता. टाइम वाया घालवू नको म्हणालो. काय रंग आला! किंचित तांबूस छटा. जात्यावर असा रंग सात जन्मांत येणार नाही. दैवशाला वास घ्यायला वाकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माहेर सुटणार म्हणून. माझ्याही डोळ्यांतून आलं. बापाचं काळीज.

७ मे, दुपार
वऱ्हाड आलं. नवरदेवाला हळद लागली तेव्हा मी यंत्रयुगावर चार शब्द बोलत होतो. जावई भलतेच लाजाळू. मध्येच उठून पळाले आणि बैलांच्या हौदात जाऊन बसले. बोरीच्या बायकांना वाटलं, चेष्टा करतोय. त्यांनी तिथे गाठून उरलेल्या अंगालाही चोळली.

७ मे, तिसरा प्रहर
आबासाहेब म्हणतात, इवाई, पोराचं तोंड वांग्यावानी सुजलंय, ही हळद हाय का ठेचा? मी म्हणालो, पाण्याचा दोष असेल. हळद निर्दोष आहे हे चारचौघांत सिद्ध करणं भाग होतं. म्हणून उष्टी हळद दैवशालाला लगेच लावायला सांगितली. नर्मदा मध्ये पडली. तिला बाजूला व्हायला लावलं. पोरगी म्हणाली, दादा, आधी तुमी लावून दाखवा.
नवरीच्या बापाने हळद लावून घ्यायची रीत नाही. सुधारक झालो तरी काही रिती पाळाव्या लागतात.
लावली. पोरगी ओरडली नाही. हे मी आबासाहेबांच्या लक्षात आणून दिलं. मग ती खाली बसली, आणि नर्मदेने ताकाचा डेरा तिच्या डोक्यावर उपडा केला.

७ मे, दिवेलागण
आबासाहेबांनी गाड्या जुंपायला लावल्या. आत्या म्हणाली, हळद लागलेली पोर माघारी राहिली तर तिला कोण करील रे? मी व्याह्यांच्या पायाशी बसलो. (विनवणीसाठी नव्हे, बोलणी करण्यासाठी.) ते राहायला तयार झाले, एका अटीवर: उद्या सकाळी नवी हळद जात्यावर, सगळ्या वऱ्हाडादेखत दळायची, आणि खुंटा मी धरायचा. मी म्हणालो, हळद सवाष्णीच दळतात, रीत आहे. ते म्हणाले, इवाई, तुमी तर सुधारक.
तानुबाई जातं देते म्हणाली. घरी नाही, चावडीवर मांडायचं, सगळ्यांना दिसलं पाहिजे.
दैवशाला तोंडाला दही थापून कोपऱ्यात आहे. डोळे उघडत नाहीत. उद्या बाशिंग असल्याने चेहरा दिसणार नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, बारीक दळा, दादा.
हाताने दळण्यात उत्तम व्यायाम आहे. यावर सवडीने लेक्चर द्यावं.
तांबडं फुटताच बसायचं. दोन्हीकडच्या बायका गाणार आहेत. गाण्यात माझं नाव घालायचं चाललंय असं कळतं. आत्ताच मुंजाजी विचारून गेला, मालक, सकाळी इंजन चालू ठिवू का, तुमचं कण्हणं लोकाला ऐकू जायचं न्हाई. ठेव म्हणालो. सुरू झालं तर.