खिडकीत बसलेली बाटली

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (हा फक्त कागदावरच समजावा. जिने चढून कंबर धरली आहे. का चढले ते पुढे येईल.) काकांचा गुडघा आणि तुझी भाजीवाल्याशी हुज्जत, दोन्ही पूर्ववत असतील अशी आशा आहे. मानेवरच्या गाठीचं विचारलं की फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. इथे विषय बदलायचा हक्क माझा. तपासणी एक वेळ परवडली, पण रिपोर्ट येईस्तोवर जीव टांगणीला लागतो, त्यापेक्षा गाठ बरी, हे तुझं मत कळलं. ते चूक आहे. आणि हे मी ठणकावून सांगू शकते, कारण रिपोर्टला किती वेळ लागतो ते मोजायचं काम आमच्या लॅबमध्ये सध्या माझ्याकडेच आहे.

गाठीतून काढलेल्या, तातडीने तपासायच्या तुकड्याच्या बाटलीला लाल चिठ्ठी लागते, आणि तिचा रिपोर्ट दोन दिवसांत गेलाच पाहिजे, असा आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम. मी वही घातली, तक्ता आखला, रंगीत पेनं (स्वतःची) वापरली. आठवड्याभरात पंचवीस बाटल्यांपैकी बावीस लाल येऊ लागल्या! लाल चिठ्ठीने काम लवकर होतं याचा सर्जन मंडळींना सुगावा लागला होता. मग मी चिठ्ठीवर तातडीचं कारण लिहायची सक्ती केली. एकाने लिहिलं, पेशंट सारखा फोन करतो. दुसऱ्याने नुसतंच, सासूबाई. (ते मी मान्य केलं.) लाल चिठ्ठ्या सहावर आल्या आणि तक्ता असा देखणा झाला की बाईंनी तो भिंतीवर लावायला सांगितला. सरासरी एकतीस तास! मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी एका पेशंटचा नवरा आला. त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे म्हणाला, "मग आमचे तीन दिवस कुठे गेले?" मावशी, मला तोंड लपवायला जागा उरली नाही. वही काढून पाहिली. आमचे तास बरोबर होते, पण बाटली लॅबच्या दारात आली तेव्हापासूनचे. त्याआधी ती कुठे होती, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीतून लाल चिठ्ठीची बाटली निघाली तशी मीही तिच्या मागे निघाले. ती फार लांब गेली नाही. दाराबाहेरच्या खिडकीत बसली. मग मीही बसले. दोन तास गेले. झाडणाऱ्या बाईंनी विचारलं, कोणाबरोबर आलात? म्हटलं, या बाटलीबरोबर. (त्यांनी पाणी आणून दिलं.) अखेर बाटल्या पोचवणारे दादा आले, खिडकीत डोकावले आणि आले तसे परत निघाले. एका बाटलीसाठी दोन जिने उतरायचे नाहीत, डबा भरला की सगळ्या एकदम न्यायच्या, अशी त्यांची वीस वर्षांची शिस्त. भांडणार होते, पण त्यांचं लंगडत चालणं पाहिलं आणि बाटली मीच खाली नेली. आता डबा ते नेतात, लाल बाटली आणायला मी चढते. तासही तुकडा बाटलीत पडल्यापासून मोजते. तक्ता पूर्वीइतका देखणा राहिला नाही, पण खरा आहे: सेहेचाळीस तास. दोन दिवसांच्या आत! माझ्या कामातलं मला कळतं, हे आता तरी मान्य कर.

काकांना नमस्कार.

तुझीच आगाऊ भाची

ता. क. बुधवारी सकाळी दहाची तुझ्या तपासणीची वेळ घेतली आहे. काकांना माहीत आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच त्यांना दमात घेतलं.

आणखी एक. गाठ तुला पहिल्यांदा हाताला लागली त्याला पाच महिने झाले. ते मांडायला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

शेवटचं. तुझ्या बाटलीची वेळ मी लिहिणार नाही, ते काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिलं आहे. सेहेचाळीस तास, दोन दिवसांच्या आत, असं वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं खरं, पण तुझ्या बाबतीत मला ते एकटीने काढवणार नाहीत. म्हणून तेवढे दिवस तुझ्याकडेच राहायला येते. मला तुझ्याजवळ झोपू दे.