ओवीतला बिरा

सरू,

लोकांसाठी तू स्वरूपादेवी असशील, मला सरूच. थोरल्या बहिणीनं पत्रात आधी आशीर्वाद लिहायची रीत हाय, पण आज हात उठत न्हाय.

काल बारामतीत तुझा सत्कार झाला. पन्नास वर्सं गाणं, चाळीस पिक्चर, म्हणून शाल आणि नारळ. मी बावड्याहून एसटीनं आले आणि मागं बायकांत बसले. ज्या ओवीनं तुझं नाव झालं, तीच तू गायलीस. ती मी जात्यावर रचलेली. दळताना बाई आपल्याच लेकराचं नाव ओवीत घालती, म्हणून तिच्यात माझ्या बिराचं नाव हाय. तू ती नावासकट उचललीस आणि पिक्चरात गायलीस. त्याच साली बिरा तापानं गेला. शूटिंग हाय म्हणून तू त्याच्या मातीलाबी आली न्हाईस.

तरी मी गप राहिले. रेडिओवर त्याचं नाव कानावर यायचं, तेवढंच बरं वाटायचं.

काल माईकवरच्या पोरीनं तुला विचारलं, "ओवीतला हा बिरा कोण?" तू हसून म्हणालीस, "कुणी नाही. मला सुचलेलं नाव आहे."

सरू, त्याचं अंगडं अजून माझ्या ट्रंकेत हाय. सुचलेल्या पोराला कुणी अंगडं शिवत न्हाय.

हे पत्र मी टाकणार न्हाय. टाकलं तर तू ह्याचंबी गाणं करशील.

बिराची आई,
म्हाळसा