पिशवीचं तोंड

आई, पिशवी काढून टाकलेल्या बाईला पुन्हा डाग दिसला, आणि ती बाई मी आहे. गणपती झाल्यावर माझं ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर मी कामावर जायला लागले, उरलेली पॅडची पाकिटं लेकीच्या कपाटात टाकली, आणि तुळशीचं लग्न लागून गेल्यावर एका सकाळी हे. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमधल्या बाथरूममध्ये मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. टाकी उतरवून नेल्यावर नळाला पाणी यावं, तसं ते. पहिला विचार कॅन्सरचा आला, खोटं कशाला बोलू. दुसरा त्याहून वेडा होता, की डॉक्टरांनी काही काढलंच नाही की काय, नुसतं पोट उघडून पुन्हा शिवलं. बाहेरून तुझा जावई चहा गार होतोय म्हणून हाका मारत होता.

डॉक्टरीण माझ्याहून बरीच लहान आहे, शांतपणे बोलते. तिने तपासलं, सोनोग्राफी केली, नमुना घेऊन तपासायला पाठवला आणि म्हणाली की तुमची पिशवी काढली, पण पिशवीचं तोंड ठेवलंय, मी आधी सांगितलं होतं तुम्हाला. सांगितलं होतं, मला आठवलं. दोन सिझरमुळे लघवीची पिशवी तिथे चिकटून बसली होती, सोडवायला गेलं तर इजा होण्याची भीती, म्हणून तेवढा भाग तसाच ठेवला. पण आपल्याकडे बोलायला शब्द एकच, पिशवी काढली. घरी आल्यावर मी ज्याला त्याला तेच सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याही डोक्यात तेवढंच उरलं. तर त्या तोंडापाशी आतल्या अस्तराचा एखादा कपटा राहून जातो म्हणे. अंडाशयं जागेवर असतात, ती महिन्याच्या महिन्याला हुकूम सोडतात, आणि तो कपटा बिचारा इमानेइतबारे पाळतो. कोणाला जास्त होतं हे, मी विचारलं. ज्यांचं ऑपरेशन पाळी जाण्याच्या वयाआधीच होतं त्यांना, ती म्हणाली. ज्यांचं अस्तर पिशवीच्या बाहेरही पसरलेलं असतं आणि पाळीत पोट फार दुखतं त्यांना. आणि गाठींमुळे किंवा चिकटल्यामुळे जिथे पुरेसं खालपर्यंत कापता येत नाही, तिथे. बहुतेकदा घाबरण्यासारखं नसतं, पण दाखवायचं, अंगावर काढायचं नाही, आणि तोंड आहे तोवर त्याची तपासणीही सोडायची नाही. माझा जीव भांड्यात पडला. उठता उठता मी सहज बोलून गेले की माझ्या आईचीही पिशवी चाळिशीतच काढली होती, गाठींसाठी. तिने लिहिता लिहिता विचारलं, "पूर्ण, की तोंड ठेवून?"

रिक्षात बसले तेव्हा डोळ्यांसमोर तू होतीस.

निर्मळची आपली वाडी. पुढे केळी, मग मोगरा, आणि मागे पांगाऱ्यांवर चढवलेली पानवेल. पानवेलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, आणि बाजूला बसलेल्या बाईने तर पाऊलही टाकायचं नाही, तिची सावली पडली तरी वेल कुजते. महिन्यातले ते दिवस तू केळीखाली बसून मिरच्यांची देठं काढायचीस आणि आत चाललेल्या खुडणीकडे बघायचीस. मग तुझं ऑपरेशन झालं. डॉक्टर जे काही बोलले ते बाबांशी बोलले, आणि बाबा खाटेपाशी येऊन एवढंच म्हणाले, पिशवी काढली, सुटलीस. तू खरंच सुटलीस. अंगठ्यात पत्र्याची नखी घालून तू रोज वेलीत उभी आहेस, पानं खुडता खुडता गुणगुणतेयस, बाबा म्हणतायत की आमच्या राणीसाहेबांचा मुक्काम आता तिथेच. मी चहा घेऊन कडेला थांबलेय, कारण माझे दिवस आहेत, आणि तू आतून हसतेस, "थांब, तुजी पन काढून टाकू एकदाची." इतकी मोकळी तू मला पुन्हा कधी दिसली नाहीस.

कारण पुढच्याच पावसाळ्यात वेल गेली. चरांमध्ये पाणी साचलं आणि बुंध्यापासून काळी पडत पडत सगळी रांग बसली. नवी लावली, तीही वाढली, पण तू आत पाऊल टाकलं नाहीस. कधीच नाही. विचारलं की म्हणायचीस, पाय भरून आलेत. बाबा वैतागले. एकदा स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत म्हणाले की पिशवीबरोबर हिची कामाची हौसही काढली वाटतं, आणि तू तव्यावरची भाकरी उलटलीस, वर बघितलंही नाहीस. अधूनमधून तू माझ्याकडे एखादं पॅड मागायचीस, कामाला येणाऱ्या बाईला हवंय म्हणून, आणि मी द्यायचे. त्या बाईचे केस पांढरे होते, आई.

घरी येऊन मी मावशीला फोन लावला. तुझी धाकटी बहीण आता थकलीय, पण आठवण पक्की आहे. मी तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तिला पन यायचा गो. जरासाच, डाग. पिशवी नाय, मंग ह्या पाळीचा कसा असंल, असा बोलून ती वेलीत जात रायली. आन मंग वेल गेली." मग, मी विचारलं. "मंग रडली माज्यापुढं. माज्यामुळं गेली, बोलली. मीच तिला बोलली, कोनाला सांगू नको."

मला अजून खरं वाटत नाही. वेल पाण्याने गेली, चर उपसायला उशीर झाला म्हणून गेली, शेजारच्या वाडीतलीही गेली आणि तिथे तर खुडायला नुसते गडी होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तुला सोडून. तुझंही तोंड ठेवलं होतं का, हे आता कोण सांगणार? पण गाठी, चाळिशी, महिन्याच्या महिन्याला येणारा डाग, सगळं जुळतं. नखाएवढा अस्तराचा कपटा, आणि तू त्याच्यापायी अख्ख्या वेलीचं मरण अंगावर घेतलंस, नवऱ्याचे टोमणे ऐकलेस, वर्षानुवर्षं ऐकलेस, आणि एका दुपारी छातीत कळ आली तशी ते घेऊनच गेलीस. मला त्या डॉक्टरांचा राग येतो, बाबांचा येतो, मावशीचाही येतो. तोंड तुझं होतं आणि त्याबद्दल तुलाच कोणी सांगितलं नाही. तुझी तपासणी करायला हवी होती, हे तर कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझा रिपोर्ट चांगला आलाय, काळजी करू नकोस. हे लिहून झालं की घडी घालून तुझ्या निळ्या पातळात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडू? पण एक सांगायचं राहिलं. काल मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि मी निर्मळला गेले होते. पानवेलीच्या आता दोनच ओळी उरल्यात, घरच्या पूजेपुरत्या. सकाळीच मला पुन्हा डाग दिसला होता, आणि तुझ्या जावयाच्या स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मी ठरवलं होतं की आज मुद्दाम आत जायचं, तुझ्या वाटचं. वहिनीने परडी हातात दिली, म्हणाली, ताई, कलशाला पानं आणता का. मी वेलीपर्यंत गेले. चपला काढल्या. डॉक्टरणीचं एक न एक वाक्य मला पाठ होतं, आई. वेल हिरवीगार होती, ओल चांगली होती, आणि माझा पाय उचलेना.

मी मागे फिरले आणि परडी वहिनीच्या हातात दिली. म्हटलं, पाय भरून आलेत गं, तूच जा. ती गेली, आणि मी केळीखाली बसून मिरच्यांची देठं काढली.